थंड समुद्रातली झिपरी गोगलगाय : एओलिडिया पॅपिलोसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात समुद्र नाही, तरी समुद्री गोगलगायींबद्दलचे प्रश्न मला सगळ्यात जास्त पुण्यातूनच येतात. शिकायला स्कॉटलंडमध्ये होते तेव्हा ओहोटीच्या वेळी खडकांमध्ये बसून मी एकच जीव दोन वर्षं पाहिला. त्याचे फोटो आणि बाटलीतले तीन नमुने आता इथल्या शाळा-कॉलेजांत दाखवते. कार्यक्रम झाला की त्याच रात्री व्हॉट्सॲपवर प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. क्रमांक दिले आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. हा नेमका कोणता प्राणी?

एओलिडिया पॅपिलोसा. शंख नसलेली समुद्री गोगलगाय, न्यूडिब्रँक गटातली. उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यात राहते: नॉर्वे, आइसलँड, ब्रिटन, अमेरिकेचा ईशान्य किनारा, अलास्का. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांखाली आणि त्याखालच्या उथळ पाण्यात ती सापडते. मोठी वाढलेली १२ सेंटिमीटरपर्यंत जाते, म्हणजे तळहाताएवढी. एरवी दिसतात त्या बोटभर. खाते समुद्रफुलं, म्हणजे ज्यांना इंग्रजीत सी ॲनिमोन म्हणतात ते प्राणी.

२. गोगलगाय म्हणता, मग शंख कुठे गेला?

अंड्यातून बाहेर येते तेव्हा शंख असतो. डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसणारी ही अळी शंख घेऊन पाण्यात तरंगते, सूक्ष्म वनस्पती खाते आणि तळाला बसायची वेळ आली की शंख टाकून देते. मोठ्या गोगलगायीत त्याचा मागमूसही राहत नाही.

गोगलगाय ठरते ती बाकीच्या शरीरावरून. ‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरतो, पण प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. या सगळ्या गटाचं शास्त्रीय नावच ‘उदरपाद’. एओलिडियाला काचेच्या बशीत ठेवून खालून पाहिलं की पोटाचा पूर्ण तळवा पसरट पाय म्हणून काचेला चिकटलेला दिसतो.

३. नावाचा अर्थ काय? मराठीत काही नाव आहे का?

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७६१ साली ‘फाउना स्वेसिका’ या स्वीडनच्या प्राण्यांवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत तिला लायमॅक्स पॅपिलोसस म्हटलं. लायमॅक्स म्हणजे बागेतली बिनशंखी गोगलगाय, आणि पॅपिलोसस म्हणजे बोंडांनी भरलेली. पुढे १७९८ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हियेने एओलिडिया ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली. आपल्या समुद्रात ती नाही, म्हणून कोळ्यांच्या बोलीत तिला नाव असण्याचं कारणच नाही. मी ‘झिपरी गोगलगाय’ म्हणते, ते माझं घरगुती नाव आहे. वहीत किंवा शोधनिबंधात शास्त्रीय नावच लिहा.

४. डोकं कुठलं आणि शेपटी कुठली, फोटोत कळतच नाही.

शिंगं शोधा. पुढच्या टोकाला दोन जोड्या असतात. तोंडाच्या दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली एक जोडी, ती चाचपडण्यासाठी. त्यांच्या जरा मागे, डोक्याच्या माथ्यावर उभी असलेली दुसरी जोडी, म्हणजे ऱ्हायनोफोर. पाण्यातला वास टिपायचं काम ती करते. समुद्रफूल कुठल्या दिशेला आहे ते हिला डोळ्यांनी नाही, ऱ्हायनोफोरने कळतं. डोळे आहेत, पण ऱ्हायनोफोरच्या बुडाशी कातडीखाली दोन काळे ठिपके, एवढेच. उजेड-अंधार समजतो, आकृती दिसत नाही.

पायाचे पुढचे दोन कोपरे त्रिकोणासारखे बाहेर आलेले असतात. मागे शेपटी निमुळती होत जाते. आणि शाळेतली मुलं जो प्रश्न हमखास विचारतात त्याचं उत्तर : गुदद्वार मागे नाही, उजव्या बाजूला आहे. जननछिद्रही उजव्याच बाजूला, डोक्याकडच्या भागात. शंखाच्या गोगलगायींचं शरीर पीळ खाल्लेलं असतं. हिच्या पूर्वजांनी शंख सोडला, पीळ बराचसा सुटला, पण ही दोन छिद्रं बाजूलाच राहिली.

५. पाठीवर केस आहेत का ते?

केस नाहीत. पाठीतून वर आलेली मऊ, चपटी बोटं आहेत ती. शास्त्रीय नाव सेराटा, एक असेल तर सेरास. हा सगळ्यात महत्त्वाचा अवयव, म्हणून इथे जरा थांबते.

दोन्ही बाजूंना सेराटाच्या दाट, तिरप्या ओळी असतात, एकमेकींवर मागच्या दिशेने कललेल्या. मधोमध मात्र पाठ उघडी राहते. डोक्यापासून मागे जाणारी ही मोकळी पट्टी पाहिली की तेल लावून मधोमध भांग पाडलेलं डोकं आठवतं. ओळखीच्या वेळी हा भांग फार कामाचा आहे (प्रश्न ९).

एक सेरास भिंगाखाली ठेवा. भिंत अर्धपारदर्शक आणि आत तपकिरी किंवा राखाडी दोरीसारखं काहीतरी. ती पचनग्रंथीची शाखा. प्रत्येक सेरासमध्ये पोटाचा एक फाटा गेलेला असतो, म्हणजे अन्न पचवायचं काम पाठीवरच्या शेकडो बोटांमध्ये वाटलेलं आहे. वेगळे कल्ले नाहीत, श्वासही याच बोटांच्या आणि कातडीच्या पातळ पृष्ठभागातून. आणि अगदी टोकाला पांढुरकी, बंद पिशवी. तिच्यात काय असतं ते पुढच्या उत्तरात.

६. ती डंख मारते का?

स्वतःचा डंख तिच्याकडे नाही, उसना आहे. समुद्रफुलाच्या अंगात सूक्ष्म दंशकोश असतात, धक्का लागला की ते फुटून आतला धागा भाल्यासारखा बाहेर पडतो. एओलिडिया समुद्रफूल खाते तेव्हा न फुटलेले काही दंशकोश पोटाच्या फाट्यांतून सेराटाच्या टोकाशी जातात आणि तिथल्या पिशवीत जपून ठेवले जातात. माशाने तिला तोंडात धरलं की ते त्याच्या तोंडात फुटतात. तिला डिवचलं की ती सेराटा साळिंदरासारख्या उभ्या करते, म्हणजे शत्रूच्या तोंडी आधी हत्यारच लागतं.

माणसाच्या हाताला सहसा काही जाणवत नाही. मात्र याच मोठ्या गटातल्या निळ्या ग्लॉकसला अजिबात हात लावू नका. पावसाळ्यात मुंबईला जुहूच्या वाळूवर ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव, वाहून येतात, ग्लॉकस त्यांना खातो आणि त्यांचेच दंशकोश साठवतो. त्याचा डंख माणसाला चांगलाच लागतो.

७. मग समुद्रफूल तिलाच का डंख मारत नाही?

मारतं, पण बरेचसे दंशकोश फुटतच नाहीत. कारण तिचा चिकट स्राव. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की हा स्राव दंशकोश फुटणं रोखतो, आणि त्याचा परिणाम गोगलगाय कुठल्या जातीचं समुद्रफूल खाते त्यानुसार बदलतो. खाणं बदललं की साधारण दोन आठवड्यांत स्रावाचं संरक्षणही नव्या भक्ष्याप्रमाणे जुळतं. मला या प्राण्यातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

तरी ती बेफिकीर नसते. मी पाहिलेली प्रत्येक एओलिडिया आधी तोंडाजवळच्या शिंगांनी समुद्रफुलाला निसटता स्पर्श करायची, झटकन मागे यायची, पुन्हा पुढे जायची. असं तीन-चारदा. मग समुद्रफुलाच्या बुंध्याला तोंड लावायची आणि जबड्यांनी लचका तोडायची. भुकेलेली असली तर दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त खाते.

८. समुद्रफुलं काहीच करत नाहीत का?

करतात. स्टॉम्फिया नावाचं समुद्रफूल एओलिडियाचा स्पर्श होताच खडक सोडतं आणि अंग वाकवत, झटके देत चक्क पोहून जातं. बाकीची काही जागा सोडून घरंगळतात.

पॅसिफिकमधलं ॲन्थोप्ल्युरा एलिगँटिसिमा आणखी वेगळं. ते जखमी झालं की त्याच्या अंगातून ॲन्थोप्ल्युरिन नावाचं रसायन पाण्यात मिसळतं आणि आसपासची समुद्रफुलं झपकन मिटतात. १९७० च्या दशकात हे उलगडलं. त्याहून गंमत अशी की ते खाल्लेल्या एओलिडियाच्या अंगातूनही हे रसायन पुढचे काही दिवस झिरपत राहतं. ती जिथे जाईल तिथे तिच्या आधी धोक्याची सूचना पोचते.

९. ओळखायची कशी? एक पांढरी, एक तपकिरी, एक गुलाबी, तिन्ही एकच कशा?

रंगावर जाऊ नका. पोटाचे फाटे सेराटात असल्यामुळे (प्रश्न ५) जे खाल्लं त्याचाच रंग बाहेर दिसतो. पांढरी समुद्रफुलं खाणारी फिकी, तपकिरी खाणारी तपकिरी, तांबडी खाणारी गुलाबीकडे झुकलेली. फोटोखाली ‘रंग जुळतो’ असं लिहून आलेल्या ओळखी मी मोजत नाही, कारण हा रंग तिचा नाहीच.

आकार पाहा. सेराटा चपट्या आहेत का, पानासारख्या? गोल, सुईसारख्या असतील तर बहुधा दुसरी जात. मधोमध भांग आहे का? सेराटा दाट आणि असंख्य आहेत का? ऱ्हायनोफोर गुळगुळीत किंवा फार तर किंचित सुरकुतलेले आहेत का? त्यांच्यावर कंकणांसारख्या चकत्या असतील तर ही नाही. डोक्यावर, तोंडाकडच्या शिंगांपासून ऱ्हायनोफोरपर्यंत, बऱ्याचदा पांढरा त्रिकोणी पट्टा असतो. तो दिसला तर चांगलं, नाही दिसला म्हणून जात रद्द करू नका.

एवढं सगळं जुळलं तरी मी फोटोवरून ‘एओलिडिया’ इथपर्यंतच जाते. पुढचं नाव का लिहीत नाही ते प्रश्न ११ मध्ये.

१०. कोणाशी गल्लत होते?

मुख्यतः तिच्याच कुळातल्या भावंडांशी. स्प्युरिलाचे ऱ्हायनोफोर चकत्यांचे आणि सेराटांची टोकं आत वळलेली, शिवाय ती उबदार पाण्यातली. एओलिडिएला आल्डेरायच्या मानेवर आखूड पांढऱ्या सेराटांची झालर असते, सदऱ्याच्या कॉलरसारखी. एओलिडिएला ग्लॉका लहान असते आणि सेराटांवर पांढरे ठिपके उठून दिसतात.

११. जुन्या पुस्तकांत ‘जगभरातल्या थंड समुद्रांत’ असं लिहिलंय, तुम्ही फक्त उत्तरेचं सांगता. चूक कोणाची?

चूक कोणाची नाही. पुस्तकं छापली तेव्हाची समजूत तशी होती. चिलीपासून कॅलिफोर्निया आणि युरोपपर्यंत अशी झिपरी, राखाडी गोगलगाय दिसली की तिला पॅपिलोसा म्हणत. २०१६ मध्ये शरीररचना आणि डीएनए दोन्ही ताडून पाहणारा अभ्यास आला आणि एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. चिलीच्या किनाऱ्यावरची एओलिडिया कॅम्पबेली, हे १८७१ चं नाव पुन्हा वैध ठरलं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक वेगळी निघाली, एओलिडिया लुई, जिच्या ऱ्हायनोफोरवर चामखिळीसारखे उंचवटे असतात. आणि युरोपात खुद्द पॅपिलोसाच्याच शेजारी राहणारी एओलिडिया फिलोमेने.

खरी अडचण ही शेवटची. फिलोमेने आणि पॅपिलोसा एकाच किनाऱ्यावर सापडू शकतात आणि नुसत्या फोटोवरून खात्री देणं अवघड असतं. माझ्याकडचे जुने फोटो मी पुन्हा काढून पाहिले आणि अनेकांखालचं ‘पॅपिलोसा’ खोडून ‘एओलिडिया, जात अनिश्चित’ असं लिहिलं. २०१६ च्या आधीचा कुठलाही लेख वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा. वर ७ आणि ८ मध्ये सांगितलेले प्रयोगही त्याच काळातले आहेत. त्यातली पॅसिफिकची गोगलगाय आजच्या हिशेबाने कुठली होती हे नमुना हाती असल्याशिवाय सांगता येत नाही.

१२. सेराटा झडलेल्या असतील, पिल्लू असेल किंवा नुसता गोळा असेल तर?

हिसका बसला की सेराटा तुटून पडतात, पुढे परत येतात. अशा गोगलगायीच्या अंगावर टक्कल पडल्यासारखे पट्टे आणि मध्येच बुटक्या, कोवळ्या सेराटा दिसतात. तेव्हा भांगावर विसंबू नका, डोकं आणि ऱ्हायनोफोर पाहा.

पिल्लू पारदर्शक-पांढरं असतं, सेराटा मोजक्या आणि तितक्या चपट्याही नसतात. एक सेंटिमीटरच्या आतल्या पिल्लाला फोटोवरून नाव देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याबाहेर पडलेली गोगलगाय म्हणजे ओल्या उंदरासारखा गोळा, तिथे काहीच कळत नाही. वाटीभर समुद्राच्या पाण्यात सोडा, दोन मिनिटं हात लावू नका. आधी सेराटा फुलतात, मग शिंगं बाहेर येतात.

१३. आमच्या प्रयोगशाळेत बाटलीतला पांढराफटक नमुना आहे. त्यावरून कळेल?

रंग गेला म्हणून बिघडत नाही (प्रश्न ९). दात पाहायचे. तोंडात रॅड्युला नावाची दातांची फीत असते. हिच्या फितीवर दातांची एकच रांग, आणि प्रत्येक दात म्हणजे रुंद कमान, तिच्यावर कंगव्यासारखे बारीक दातेरे. एओलिडिएलाचा दात मधे खाचलेला, दोन पाकळ्यांसारखा दिसतो. तोंडाचा स्नायूंचा गोळा कापून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवला की मांस विरघळतं आणि फीत व जबडे उरतात. हे हातमोजे घालून आणि मार्गदर्शकांच्या समोरच करा.

डीएनए हवा असेल तर नमुना शुद्ध अल्कोहोलमध्ये असायला हवा. फॉर्मालिनमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या बाटलीकडून फारशी आशा ठेवू नका. जिवंत गोगलगाय थेट अल्कोहोलमध्ये टाकली की ती आक्रसते, शिंगं आत जातात, सेराटा गळतात. आधी साडेसात टक्के मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात तिला सैल, बेशुद्ध होऊ द्यावं लागतं. माझ्या तीन बाटल्यांपैकी पहिली या घाईपायीच वाया गेली, आणि त्या जिवाबद्दल मला अजून वाईट वाटतं.

पुण्यातल्या विद्यार्थ्यांनी हेही लक्षात घ्यावं की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आकुर्डीला आहे. नमुना कसा जतन करतात, चिठ्ठी कशी लिहितात, हे शिकायला लांब जायची गरज नाही.

१४. नर कुठला, मादी कुठली?

प्रत्येक गोगलगाय दोन्ही असते. जननछिद्रं उजवीकडे असल्यामुळे (प्रश्न ४) दोघी उजवी बाजू एकमेकींना लावून, तोंडं विरुद्ध दिशांना करून थांबतात, आणि दोघीही अंडी घालू शकतात. अंडी पांढऱ्या किंवा गुलाबीसर नागमोडी दोऱ्यात, आणि तो दोरा दगडाला चकलीसारखा गुंडाळलेला.

१५. हरिहरेश्वरला खडकांत अशीच पाहिली. तीच ना?

नाही. अरबी समुद्राचं किनाऱ्यालगतचं पाणी हिच्यासाठी फार उबदार आहे. तुम्ही पाहिलेली जर खरोखर पाठभर सेराटा असलेली असेल तर ती आपल्याकडच्या उबदार पाण्यातली दुसरी जात आहे, आणि मला ती पाहायला स्कॉटलंडच्या गोगलगायीइतकीच आवडेल. कोकणच्या खडकांत समुद्री गोगलगायींच्या कितीतरी जाती आहेत. ताम्हिणी घाटातून काही तासांत पोचणाऱ्या पुणेकराने त्यांना परदेशी नाव लावून मोकळं होऊ नये.

१६. घरच्या टाकीत ठेवता येईल का?

नाही. सतत गार, खारं पाणी आणि रोज जिवंत समुद्रफुलं लागतात. पुण्यातल्या एप्रिलमध्ये ती दिवसभरही टिकणार नाही.

१७. पावसाळ्यात बागेतल्या गोगलगायींवर आम्ही मीठ टाकतो. मग ही मिठात कशी जगते?

बागेतल्या गोगलगायीच्या अंगातलं पाणी मिठाच्या मानाने फार कमी खारं. मीठ ते पाणी ओढून घेतं आणि ती तडफडून मरते. एओलिडियाच्या अंगातलं पाणी समुद्राइतकंच खारं असतं, म्हणून समुद्रात ओढाताण होत नाही. तिला मारतं ते गोडं पाणी : नळाच्या पाण्याने धुतली की अंग फुगतं आणि ती मरते. म्हणून १२ मध्ये ‘समुद्राचं पाणी’ असं मुद्दाम लिहिलं आहे. आणि बागेतल्यांना मीठ टाकू नका. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलून लांब सोडा.

१८. फोटो पाठवायचा तर कसा काढू?

पाण्यात बुडालेली असताना, शिंगं बाहेर आल्यावर. एक वरून, एक उजव्या बाजूने, एक फक्त डोक्याचा जवळून. शेजारी एक रुपयाचं नाणं. ती कशावर बसली होती त्याचाही वेगळा फोटो, कारण भक्ष्य कळलं की निम्मी ओळख होते. फिल्टर लावू नका. ठिकाण, तारीख आणि ओहोटीची वेळ लिहा. उचललेला दगड होता त्याच बाजूने, हळू, परत ठेवा, खाली चिकटलेल्या अंड्यांचा दोरा चिरडणार नाही अशा बेताने.